न कापलेला फोटो

दोन वर्षं मी फोटो कापत होते. मुलाला पाठवायच्या आधी बोटाने कडा आत ओढायची आणि माझ्या शेजारी उभा असलेला माणूस नाहीसा करायचा. लेक डिस्ट्रिक्टला तळ्याकाठी मी एकटी, लिस्बनला ट्रामच्या दारात मी एकटी, वेम्बलीत मिठाईच्या दुकानासमोर मी एकटी. एकदा घाईत एक हात राहून गेला. माझ्या खांद्यावर पाच बोटं आणि हाताला मालक नाही. मुलाने विचारलं, "आई, हा हात कोणाचा?" मी म्हटलं, "गाईडचा." सहासष्ट वर्षांची बाई, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेली, मोठमोठ्या कन्सल्टंटना तोंडावर 'हे चुकतंय' सांगणारी, आणि पोटच्या पोराला सांगते गाईडचा. मला माझीच चीड आली, पण कापणं काही थांबलं नाही.

ज्यांचा तो हात, ते निवृत्त गणिताचे शिक्षक. मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक वळायला आम्ही बायका बसायचो, त्यात ते एकटे पुरुष. त्यांच्या मोदकाला माझ्यापेक्षा जास्त कळ्या यायच्या, म्हणून आधी मला त्यांचा रागच यायचा. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, माझा नवरा जाऊन पाच. आम्ही लग्न केलेलं नाही आणि करणारही नाही. दोघांचंही एकेकदा मनासारखं झालेलं आहे. राहतो आपापल्या घरी, जेवतो बरेचदा एकत्र, आणि वर्षातून दोनदा बॅगा भरतो. मी त्यांना 'अहो' म्हणत नाही. ती हाक ज्याची होती त्याच्याबरोबर गेली. मी 'सर' म्हणते, ते मला 'सिस्टर' म्हणतात. मंडळातल्या बायका आम्हाला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

त्या बायकांकडूनच मुलाला कळलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "इट्स युअर लाईफ, आई. पण मला ते बघायचं नाहीये." म्हणून मग कापणं चालूच राहिलं, आता त्याच्या मर्जीने.

यंदा फेब्रुवारीत त्याचा फोन आला. बाबांचं श्राद्ध या वर्षी तो त्याच्या घरी करणार होता, शनिवारी, म्हणजे सगळ्यांना सुट्टी असते. गुरुजी व्हिडिओवर येणार होते. मी कॅलेंडर बघितलं. त्या शनिवारी मी आणि सर व्हिएतनाममध्ये असणार होतो, तिकिटं केव्हाची काढलेली.

"शनिवार कुठून आला?" मी विचारलं. "ना ती तारीख, ना तिथी. तिथी मंगळवारी आहे, अष्टमीला."

"आई, लोकांना जॉब्स असतात. तू हॉलिडे मूव्ह कर ना."

"हॉलिडे हलणार नाही. मंगळवारी मी तिथे असेन, तिथेच करीन."

तो म्हणाला, "तिथे? त्या माणसाबरोबर? यू विल डू बाबांचं श्राद्ध ऑन हॉलिडे, विथ दॅट मॅन?"

"हो."

"गुरुजी म्हणतात मुलाने करायचं असतं. बायकोने नाही."

"शेवटचे पाच महिने मी त्यांना अंघोळ घालत होते. तेव्हा गुरुजींना कोणी विचारलं नव्हतं."

"तू बाबांना विसरलीयेस, आई. जस्ट से इट." आणि त्याने फोन ठेवला.

ते वाक्य मी बॅगेत भरूनच विमानात बसले. त्याच्याबरोबर झिपच्या पिशवीत मूठभर काळे तीळ, एक स्टीलची वाटी, उदबत्तीचा छोटा पुडा आणि नवऱ्याचा पासपोर्ट साइझ फोटो. सर फक्त म्हणाले, "तीळ हँड लगेजमध्ये ठेवा. मोठी बॅग हरवली तर पंचाईत."

हनोईपासून दोनेक तासांवर एका खेड्यात आम्ही उतरलो होतो. भातखाचरांच्या मधूनच चुनखडीचे उंच सुळके उभे, पायथ्याशी कालवे, आणि खाचरांतच मध्ये मध्ये थडगी. गावातले गेलेले लोक शेतातच पुरलेले, चहूकडून हिरवी रोपं. मला ते फार आवडलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला शहराबाहेर कुठेतरी पोचवून येतात. इथे रोज चिखलणीला गेलं की वाटेत आजोबा भेटतात.

मंगळवारी सकाळी भुरभुर पाऊस होता, अगदी मँचेस्टरसारखा. इतक्या लांब येऊन तोच पाऊस. आम्ही राहत होतो त्या घरच्या बाईंनी दोन सायकली काढून दिल्या. मी त्यांच्याकडून डबाभर मोकळा भात मागून घेतला. सरांनी नेहमीप्रमाणे बोटाला सुई टोचून साखर बघितली, आकडा वहीत लिहिला, बिनसाखरेचा चहा घेतला, आणि आम्ही निघालो. दहा वर्षं झाली त्यांनी साखर सोडून. मोदक वळतात, पण खात नाहीत.

सायकल मी तीस वर्षांनी चालवत होते. बांधावरून जाताना हँडल लटपटलं की मागून सर म्हणायचे, "समोर बघा, चाकाकडे नको." एका वळणावर त्यांचीच चेन निसटली. हात काळे करून ती बसवेपर्यंत मी समोरचा कालवा बघत उभी राहिले. पाणी संथ होतं, काठाला केळी होत्या, माणूस दिसत नव्हतं. म्हटलं, इथेच.

केळीचं एक पान तोडलं. भातात तीळ कालवले, चांगला घट्ट गोळा केला, पानावर ठेवला. फोटो दगडाला टेकवला. उदबत्ती पावसात पेटेना, तर सरांनी आपली टोपी काढून वर धरली. मी वाटीने कालव्यातलं पाणी घेतलं आणि डोळे मिटले. कावळा येईल न येईल याचा विचार मी केलेला नव्हता. मँचेस्टरला पहिल्या वर्षी आम्ही पान शेडच्या छपरावर ठेवलं होतं आणि एक सीगल सगळं घेऊन उडाला होता, तेव्हापासून मी त्या बाबतीत फारशी आशा धरत नाही.

नवऱ्याचं नाव मी आयुष्यात फार क्वचित उच्चारलंय. ते ओठांवर आणेपर्यंत आवाज आला. डोळे उघडले तर कालव्यातून पंधरावीस बदकं चढून वर आली होती. माझ्या डोळ्यांदेखत पिंड फस्त. एक तर फोटोलाही चोच मारायला निघालं होतं. सर टोपी हलवत त्यांना हाकत होते, मी वाटीतलं पाणी त्यांच्या अंगावर उडवत होते, आणि बदकांना पाण्याचं काय होणार! शेवटी एक बदक ओलं केळीचं पानही ओढून घेऊन गेलं.

तेवढ्यात केळीच्या मागून एक म्हातारी तरातरा आली. हातात काठी, डोक्याला रुमाल, आणि तोंडाने आमचा उद्धार चाललेला. बदकं तिची होती. आम्ही त्यांना काहीबाही खायला घालतोय असं तिला वाटलं असणार, आणि ते काही खोटं नव्हतं. मी चांगली भांडायच्या तयारीत होते. तिची नजर दगडाकडे गेली. फोटो बघितला, विझलेली उदबत्ती बघितली, माझ्या तळहाताला चिकटलेले तीळ बघितले. तिने काठी खाली टाकली. मग फोटोकडे बोट केलं, माझ्याकडे बोट केलं, आणि मी मान हलवली. ती सरांकडे बघेल, कपाळाला आठ्या घालेल म्हणून मी वाट बघत होते. तिने माझं कोपर धरलं आणि चालायला लागली.

तिच्या घरी त्या दिवशी तेच होतं. तिच्या सासऱ्यांचा दिवस. अंगणात चटया टाकलेल्या, माणसं पंगतीला बसावी तशी गोल करून बसलेली, चुलीवर पातेली. तिची सून गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती, तिने सगळं समजावून सांगितलं. दरवर्षी चंद्राच्या हिशोबाने करतात, सगळं घर जमतं, आधी त्यांना वाढायचं, मग आपण जेवायचं. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. वर मोठा इंग्रजी आकडा, खाली कोपऱ्यात लहानसा दुसरा. त्या दिवशीचा लहान आकडा होता आठ.

"अष्टमी," मी सरांना म्हटलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. मुलाला म्हणावं ये आणि बघ. इकडे चार हजार मैलांवर... नाही, त्याहून लांब... कुणाच्या शनिवारच्या सोयीसाठी कोणी आजोबांना थांबवून ठेवलेलं नाही.

मग मी त्यांचा देव्हारा बघितला, म्हणजे पूर्वजांचा चौथरा. आजोबांचा फोटो, फळं, फुलं, चिकट भात, आख्खी उकडलेली कोंबडी. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये दोन बिअरचे कॅन, सिगारेटचं पाकीट, शेजारी लायटरसुद्धा. मी बघतच राहिले. सून हसली. म्हणाली, "त्यांना हेच आवडायचं."

म्हातारीने तिला काहीतरी सांगितलं. सुनेने मला विचारलं, "आजी विचारतायत, तुमच्या त्यांना काय आवडायचं?"

पाच वर्षांत कोणी मला हे विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. दर वर्षी मी यादीबरहुकूम स्वयंपाक केला. वडे, आमसुलाची चटणी, भाज्या, आणि खीर. खीर! ज्या माणसाने आयुष्यभर खिरीला नाक मुरडलं, 'साय घशात अडकते' म्हणून वाटी माझ्याकडे सरकवली, त्याला तो गेल्यावर मी चार वर्षं खीर वाढली. विसरले असेन तर ती अशी विसरले. सरांबरोबर लिस्बनला जाऊन नव्हे.

"कंडेन्स्ड मिल्क," मी म्हटलं.

माझा नवरा भूल देणारा डॉक्टर होता. रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला घरी यायचा, कोटही न काढता किचनमध्ये उभा राहायचा, आणि डब्यातून चमच्या चमच्याने कंडेन्स्ड मिल्क खायचा. शाळेच्या युनिफॉर्ममधलं आमचं पोर शेजारी आ करून उभं. एक चमचा बापाला, एक लेकाला. दात किडतील म्हणून मी डबे लपवायची आणि ते दोघं कणकेच्या डब्यामागून बरोबर शोधून काढायचे. हे सगळं मी त्या परक्या अंगणात उभी राहून एका इंग्रजीच्या बाईंना सांगत होते, आणि त्या सासूला सांगत होत्या, आणि चटईवरची माणसं जेवण थांबवून ऐकत होती.

कॉफीत घालायला म्हणून घरात डबा होताच. म्हातारीने तो आणला, वरून कापून झाकण मागे वळवलं, चमचा खोचला. आता ठेवायचा कुठे? अंगणाच्या कोपऱ्यात एक छोटं ताट मांडलेलं होतं, पातळ पेज आणि मीठ. सून म्हणाली, ते ज्यांना कोणी नाही अशा भटक्या आत्म्यांसाठी असतं, तिथे ठेवता येईल.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना घर आहे. मँचेस्टरला, सेमी-डिटॅच्ड. मुलगा आहे, मी आहे. त्यांना भटक्यांत नाही बसवायचं."

पाहुणी म्हणून आलेली, बदकांना नको ते घातलेली, आणि वर हा तोरा. सुनेने जरा दबकतच ते सासूला सांगितलं. म्हातारी तोंडभर हसली. तिचे चारच दात होते. ती आत गेली आणि एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आली. पाहुण्यांच्या चटईच्या कडेला ते ठेवलं, माझ्या हातातला फोटो त्यावर उभा केला, समोर डबा ठेवला, उदबत्ती लावली. पाहुणा आलाय, बसू दे, असं म्हणाली म्हणे.

या वेळी मी डोळे मिटले नाहीत. नाव घेतलं, मोठ्याने. तीळ घातलेलं पाणी तीनदा सोडलं. गुरुजींनी काय म्हणायचं ते शनिवारी म्हणावं.

उदबत्ती संपल्यावर सून म्हणाली, आता हे कोणीतरी खायला हवं. त्यांना वाढलेलं टाकून द्यायचं नसतं. हे काय मला सांगायला हवं? आमच्याकडेही पानावर कोणीतरी बसावंच लागतं, आणि मँचेस्टरला त्यासाठी माणूस मिळवताना माझ्या नाकी नऊ आलेत. मी दोन चमचे खाल्ले. गोडाने जीभ जड झाली. डबा अजून भरलेलाच दिसत होता.

सरांनी हात पुढे केला.

"तुमची साखर," मी म्हटलं.

"वहीत लिहीन," ते म्हणाले.

आजूबाजूला तीन-चार स्टुलं रिकामी होती. एक कोणीतरी त्यांच्याकडे सरकवलंही. त्यांनी ते घेतलं नाही. गुडघा दुखतो त्यांचा, तरी एक हात टेकत हळूहळू लाल स्टुलाशेजारी, फोटोच्या बरोबरीला न येता, जमिनीवर मांडी घालून बसले, डबा मांडीत घेतला, आणि शाळेतल्या मुलाने औषध घ्यावं तसं मुकाट्याने चमच्या चमच्याने खायला लागले. दहा वर्षांनंतरची साखर. चेहऱ्यावर आवडल्याचं काही नव्हतं आणि नावडल्याचंही नव्हतं. मी फोन काढला आणि फोटो घेतला.

मग सवयीने माझा अंगठा कडेला गेला. लाल स्टूल, त्यावर नवऱ्याचा फोटो, उदबत्तीची राख, एवढं ठेवलं असतं तर अगदी बेताचं दिसलं असतं. मुलाने ते छापून शनिवारच्या पानाशेजारीही ठेवलं असतं.

सर खालूनच म्हणाले, "कापा हवं तर. मला सवय आहे."

त्यांनी ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षं त्यांना माहीत होतं. प्रत्येक फोटोला मी त्यांना हसायला सांगत होते, आणि ते हसत होते, आणि त्यांना माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं, आणि आहे तसा पाठवून दिला. खाली लिहिलं: आज अष्टमी. बाबांचं झालं. कंडेन्स्ड मिल्क दिलं. डबा सरांनी संपवला.

तेव्हा मँचेस्टरला पहाटेचे पाच वाजले होते. आम्ही जेवलो, जेवण कसलं, म्हातारी वाढतच राहिली. पाऊस थांबला. सर पुरुषांच्या घोळक्यात बसून खाणाखुणांनी बदकांचा हिशोब विचारत होते. मी मात्र दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. मी कणखर बाई आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, पण त्या दोन तासांत मी मुलाशी मनातल्या मनात भांडत होते. तो म्हणेल, बाबांचं तू त्याला खायला घातलंस. मग मी काय म्हणणार ते तयार केलं होतं. म्हणणार होते, हो, घातलं. तुला नाही बघायचं तर नको बघूस, पण मी आता कोणाला कापणार नाही. सरांनाही नाही, बाबांनाही नाही.

इथे दोन वाजले, म्हणजे तिथले सात. तो कामावर जायला उठतो ती वेळ. फोन वाजला.

पहिल्या ओळीत नुसतं 'कंडेन्स्ड मिल्क' आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. मग 'टायपिंग' येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. मी ठरवलेली सगळी उत्तरं जिभेवर घेऊन बसले.

मग आलं: "एवढे स्टुल्स आहेत. काका फ्लोअरवर का बसलेत?"

काका. मी ते दोनदा वाचलं, पण लगेच विरघळले नाही. एका शब्दावर मी तहाला येणारी नाही. आधी लिहिलं, शनिवारी खीर करू नकोस, टिन आण. मग त्याच्या प्रश्नाकडे पुन्हा बघितलं. उत्तर मला ठाऊक होतं, ते द्यायचा हक्क माझा नव्हता.

"मला काय विचारतोस," मी लिहिलं, "त्यांनाच विचार." आणि फोन लावून सरांच्या चिकट हातात दिला.